केशरी कार्ड, दोन कमावते मुलगे, आईची अँजिओप्लास्टी: उत्पन्नाची मर्यादा नेमकी कुठली धरायची?

गटप्रवर्तक_मोहोळ

नमस्कार. माझ्याकडच्या एका आशाताईंच्या गावातलं घर आहे, त्यांच्यासाठी विचारतेय.

वडील ७२, आई ६४. थोरला मुलगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला, पगार १९,५०० (कपातीआधीचा), ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जातं. त्याची बायको, दोन मुलं, सगळे गावातल्या घरात. धाकटा चाकणला, पगार २६,०००, बायको-मुलासह भाड्याच्या खोलीत. रेशनकार्ड मात्र एकच, केशरी, हाताने लिहिलेलं जुनं. धाकट्याचं आणि त्याच्या बायकोचं नाव त्यावरच, त्यांच्या बाळाचं अजून कुठेच नाही. धान्य मिळत नाही. जमीन तीन एकर कोरडवाहू, वडिलांच्या नावावर, वर्षाला पंचावन्न हजारांच्या आसपास हाती येतात.

आईच्या अँजिओग्राफीत दोन ब्लॉक निघाले. डॉक्टरांनी दोन स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या) सांगितलेत. आज-उद्याच करा असं नाही, पण महिना घालवू नका म्हणालेत. खाजगीतलं अंदाजपत्रक २,४०,००० चं.

आता गोंधळ असा. ग्रामपंचायतीत सांगतात, उत्पन्न लाखाच्या आत हवं. सेतूवाला म्हणतो १,६०,०००. एका रुग्णालयात १,८०,००० सांगितलं, त्याच रुग्णालयात दुसऱ्या खिडकीवर ३,६०,०००. आणि जनआरोग्य योजनेच्या फलकावर उत्पन्नाचा आकडाच नाही. शिवाय याच वर्षी नातीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला तहसीलदारांचा दाखला २,४०,००० चा आहे. सेतूवाला म्हणतो, "नवीन काढू, ४८,००० टाकतो." मी तूर्त थांबवलंय.

कोणता आकडा खरा? धाकट्याचा पगार धरायचा का? आणि सुरुवात कुठून करायची?

---

माजी_आरोग्यमित्र

ताई, सगळेच आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या खिडक्यांचे आहेत. लोक ते एकमेकांत मिसळतात आणि मग "आपण बसत नाही" म्हणून परत जातात.

लाखाचा आकडा रेशनकार्डाच्या रंगाचा आहे. १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आली. १५,००० पर्यंत पिवळं, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, वर पांढरं. आपली आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली (सोलापूर त्या आठांत होता), २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं. तेव्हा ती पिवळ्या-केशरी कार्डांपुरती होती. म्हणून गावात अजून "लाखाच्या आत" हेच पाठ आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती सगळ्या शिधापत्रिकाधारकांना आणि अधिवास दाखला असणाऱ्यांना खुली झाली, अंमल १ जुलै २०२४ पासून. दर कुटुंबाला दरवर्षी ५ लाखांपर्यंत. पूर्वी दीड लाख होते. सीमाभागातल्या ८६५ गावांतली कुटुंबंही यात आहेत. तेव्हा फुले योजनेसाठी तुमच्या या घराचं उत्पन्न कोणी विचारणारच नाही. दाखला लागत नाही, धाकट्याच्या पगाराचा प्रश्नच येत नाही.

अँजिओप्लास्टी योजनेत आहे. मग अडतं कुठे? नव्वद टक्के वेळा कार्डात. तुमचं कार्ड हाताने लिहिलेलं आहे म्हणताय, म्हणजे पहिली शंका: ते ऑनलाइन झालंय का? बारा अंकी क्रमांक पडलेला असेल तरच पुढची गाडी हलते. तालुक्याच्या पुरवठा शाखेत किंवा रेशन दुकानदाराच्या ई-पॉस यंत्रावर पाहता येईल. क्रमांक आहे पण आईचं नाव त्यात चढलेलंच नाही, असंही होतं. जुन्या कार्डांवर डाटा भरताना म्हाताऱ्या माणसांची नावं सर्रास गळाली आहेत.

दुसरं, नावाचा मेळ. कार्डावर "सुमनबाई", आधारवर "सुमन", जन्मवर्ष दहा वर्षांनी वेगळं. योजनेचं आयुष्मान कार्ड आयुष्मान ॲपवर निघतं. तिथे मॅच स्कोअर, म्हणजे तपशील किती जुळतात तो आकडा, कमी आला की कार्ड आपोआप मंजूर न होता तपासणीला जातं आणि तिथे दिवस मोडतात. बोटांचे ठसे उमटत नसतील तर ओटीपीचा किंवा चेहऱ्याचा पर्याय घ्या. त्यासाठी आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा, तो कुणाचा आहे हे आधीच बघा. धाकट्याचा असेल तर तो चाकणमध्ये शिफ्टवर असताना इथे ओटीपीची वाट बघत बसावं लागेल.

आयुष्मान कार्ड हातात असेल तर वेळ वाचतो, पण "कार्ड नाही म्हणून योजना नाही" हे खरं नाही. ऑनलाइन शिधापत्रिका आणि फोटो ओळखपत्र यांवर आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस, नोंदणी करतो.

तिसरं, रुग्णालय. "योजनेत आहे" एवढ्यावर जाऊ नका, हृदयरोगासाठी संलग्न आहे का ते विचारा. पुष्कळ रुग्णालयं अस्थिरोग किंवा डायलिसिसपुरतीच संलग्न असतात आणि फलक मात्र तोच. १५५३८८ वर जिल्हा आणि विशेषता सांगितली की यादी सांगतात.

जाताना मूळ शिधापत्रिका, आईचं आधार, ईसीजी, २डी इकोचा अहवाल आणि अँजिओग्राफीची सीडी न्या. सीडी मुद्दाम म्हणतोय. पूर्वमंजुरीसाठी चित्रंच अपलोड करावी लागतात, नुसत्या टाइप केलेल्या अहवालावर शंका काढून फाइल परत येते. मग पुन्हा अँजिओग्राफी करा म्हणतात, ती वेगळी कटकट.

ओपीडीतला खर्च योजनेत येत नाही. उरलेल्या तपासण्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यात करून घ्या, १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथे शुल्क नाही. फक्त वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला ती माफी लागू नाही, म्हणजे सोलापूरच्या सिव्हिलमध्ये शुल्क पडतं आणि पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात नाही.

जाता जाता, वडील ७२ चे आहेत. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय पुरतं. घराच्या ५ लाखांव्यतिरिक्त वेगळे ५ लाख. पण ते सत्तरीपुढच्यांनाच. आई ६४ ची, तिला त्यातलं काही वापरता येणार नाही. येईल असं समजून आलेले पुष्कळ जण परत जातात.

---

कडूनिंब

सगळं ठीक, पण मुळात २,८९,००० उत्पन्नाचं घर केशरी कार्डात कसं? १९,५०० गुणिले १२ म्हणजे २,३४,०००, त्यात शेतीचे ५५,०००. नियमाने हे पांढरं कार्ड व्हायला हवं. अपात्र शिधापत्रिका शोध मोहिमेत तपासलं तर?

---

अव्वल_कारकून_नि

कडूनिंब यांचा हिशेब बरोबर आहे. केशरीची मर्यादा एक लाखच आहे, ती वाढलेली नाही. म्हणूनच या घराला धान्यही नाही. प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे ज्यांना रेशनचं धान्य मिळतं त्यांच्यासाठी, ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० ची मर्यादा आहे.

पण यात घाबरण्यासारखं काय आहे? फुले योजनेला आता रंग चालत नाही, कार्ड चालतं. कार्ड पांढरं झालं तरी आईची अँजिओप्लास्टी अडत नाही, धान्य तर आधीच नाही. लोक पांढऱ्या कार्डाच्या भीतीने जुनं कार्ड ऑनलाइन करायलाच जात नाहीत आणि नेमकं तिथेच अडकतात. पुरवठा शाखेत जाऊन खरं उत्पन्न सांगा आणि कार्ड ऑनलाइन करून घ्या.

आता दाखल्याबद्दल, कारण तो विषय माझ्या टेबलावरचा.

घर एक की दोन हे चुलीवरून ठरतं. धाकटा चाकणला स्वतःच्या चुलीवर राहतो, भाडं भरतो, त्याची बायको-मूल तिकडे. मग त्याचं नाव इथल्या कार्डावर ठेवण्यात कुणाचाच फायदा नाही. मोहोळच्या पुरवठा शाखेत त्याचं आणि बायकोचं नाव कमी करण्याचा अर्ज द्यायचा, नाव कमी केल्याचा दाखला घ्यायचा आणि तो जोडून खेड तहसीलला, म्हणजे राजगुरुनगरला, नवीन कार्डासाठी अर्ज करायचा. बाळाचं नाव तिथेच जन्मदाखल्यावर चढवायचं. त्याचं वर्षाचं ३,१२,००० होतं, पांढरं कार्ड मिळेल. हा क्रम उलटा केला, म्हणजे इथे नाव असताना तिथे अर्ज केला, तर आधार दोनदा सापडतं आणि अर्ज रद्द होतो.

नाव वेगळं झालं की आईच्या घराचं उत्पन्न २,८९,०००. नाव राहिलं तर ६,०१,०००. फुले योजनेला दोन्ही सारखेच. धर्मादाय रुग्णालयाच्या खिडकीवर (तुम्ही ऐकलेले १,८०,००० आणि ३,६०,००० तिथलेच) मात्र पहिल्या आकड्यावर सवलत आहे आणि दुसऱ्यावर काहीच नाही.

थोरला त्याच घरात, त्याच चुलीवर आहे. त्याचा पगार धरावाच लागेल. "तो वेगळा राहतो" असं लिहून देऊ नका, ग्राम महसूल अधिकारी (आपले जुने तलाठी) चौकशीला आले की शेजारीच सांगतील.

आणि ४८,००० चं. सेतूवाल्याला लिहायला काय जातं? स्वघोषणापत्रावर सही या घराची. नातीचा दाखला याच वर्षाचा २,४०,००० चा निघालाय, तो प्रणालीत आहे. एकाच कुटुंबाचे एकाच वर्षात २,४०,००० आणि ४८,००० असे दोन दाखले निघाले की दोन्ही संशयात येतात, आणि नातीची शिष्यवृत्तीही अडते. त्यातून थोरल्याचं ईएसआय आधारला जोडलेलं, पगार लपणार नाही. खोटं उत्पन्न दाखवून दाखला काढला तर फौजदारी कारवाईची तरतूद आहे. ज्या आकड्यावर कायदेशीर सवलत मिळतेय तो सोडून असल्या फंदात पडायचं कारणच नाही.

तसा तो २,४०,००० चा दाखलाही तपासून बघा. त्यात शेतीचं उत्पन्न बहुधा धरलेलं नाही किंवा जुना पगार धरलाय. नवीन दाखला काढायचा तर थोरल्याचं कंपनीचं वेतन प्रमाणपत्र (हाती येणारा पगार नाही, एकूण पगार), सातबारा, आठ अ, शिधापत्रिका, आधार, स्वघोषणापत्र. अर्ज आपले सरकारवर. लोकसेवा हक्क कायद्याने मुदत पंधरा दिवसांची, पण रुग्णालयाचं पत्र जोडून थेट नायब तहसीलदारांना भेटलात तर इतके दिवस सहसा लागत नाहीत. अर्जात कारण "वैद्यकीय उपचार" असं स्पष्ट लिहा.

दाखल्यावर "३१ मार्च पर्यंत वैध" असं छापलेलं असतं, ते वाचा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काढलेला दाखला घेऊन एप्रिलमध्ये रुग्णालयात गेलात तर तो कागद निरुपयोगी. महिनाअखेरीला धावपळ करणाऱ्यांपैकी निम्मे याच कारणाने परत येतात.

---

वेतनपट

थोरल्याचं ईएसआय कापलं जातंय, ही बाजू सगळ्यांनी मागे टाकलीय. ती पहिली बघायला हवी.

ईएसआयची मर्यादा महिना २१,००० पगार (दिव्यांग कामगाराला २५,०००). १९,५०० वर कामगाराचे पाऊण टक्का म्हणजे १४७ रुपये आणि मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे ६३४ रुपये जातात. या पैशांत त्याचं कुटुंब येतं, आणि आई-वडीलही येतात, जर त्यांचं सगळ्या मार्गांनी मिळून उत्पन्न महिना ९,००० च्या वर नसेल. जमिनीचे ५५,००० म्हणजे महिना साडेचार हजारांच्या आसपास. बसतात.

खरी अडचण निराळी असते. भरती होताना एचआरने बायको-मुलांची नावं टाकलेली असतात, आई-वडिलांची नाहीत. कंपनीच्या ईएसआय लॉगिनवरून कुटुंबाच्या तपशिलात आईचं नाव, आधार, फोटो चढवून घ्यावा लागतो. "नंतर करू" म्हणणारे एचआर पुष्कळ. थोरल्याने स्वतः जाऊन ई-पहचान कार्डाची (ईएसआयच्या ओळखपत्राची) नवी प्रत काढून आईचं नाव डोळ्यांनी बघावं.

मग आईला आधी ईएसआय दवाखान्यात दाखवायचं. तिथून संदर्भपत्र मिळालं की करार असलेल्या रुग्णालयात विनारोख अँजिओप्लास्टी. संदर्भपत्राशिवाय आपल्या मनाने खाजगीत करून मागाहून बिल लावायचं ठरवलं तर पैसे अडकलेच म्हणून समजा. अगदी तातडीचं असेल तरच त्याचा विचार होतो.

पगारवाढीबद्दल एक गैरसमज: जुलैमध्ये पगार २१,००० च्या वर गेला म्हणून लगेच संरक्षण जात नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा काळ पुरा होईपर्यंत कपात चालू राहते आणि त्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो. तसंच ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. ओव्हरटाइम मर्यादा ठरवताना धरत नाहीत, पण वर्गणी त्यावरही कापतात. म्हणून पगारपत्रकावर २३,००० दिसले तरी माणूस ईएसआयमध्येच असू शकतो.

ईएसआयचा फायदा एवढाच की घराचे ५ लाख हात न लावता तसेच राहतात. तोटा, संदर्भपत्राला वेळ लागतो. महिन्याची मुदत आहे, तर दोन्हीकडे एकदम हालचाल करा.

---

गटप्रवर्तक_मोहोळ

खूप स्पष्ट झालं. कार्ड पुरवठा शाखेत पाहिलं. बारा अंकी क्रमांक आहे, आईचं नावही आहे, वय मात्र चुकलंय. आधार जोडणीला दिलंय.

दोन शंका उरल्यात. धर्मादायची १,८०,००० आणि ३,६०,००० या दोन आकड्यांत फरक काय पडतो? आणि समजा योजनेतल्या रुग्णालयाने "स्टेंट चांगला हवा असेल तर फरक भरा" म्हटलं तर? दुसऱ्या एका घराला असं सांगितलं गेल्याचं कानावर आलंय.

---

वॉर्ड_समाजसेवा

दुसरी शंका आधी. योजनेत मंजूर झालेल्या पॅकेजमध्ये खाटा, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं, स्टेंट, जेवण सगळं धरलेलं असतं. रुग्णाकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. "फरक" हा शब्द ऐकला की चढ्या आवाजात भांडू नका, फक्त म्हणा, "कशाचा फरक ते लिहून द्या आणि पावती द्या." बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. संपला नाही तर आरोग्यमित्र, मग जिल्हा समन्वयक, मग १५५३८८. रुग्ण दाखल असतानाच तक्रार करा, घरी गेल्यावर वजन राहत नाही. आणि पैसे दिलेच असतील तर पावतीशिवाय काही सिद्ध होत नाही. ज्यांच्याकडून घेतलेत त्यांना आधी पावती शोधायला सांगा.

आता धर्मादाय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना, यांवर हे चालतं. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना आणि १० टक्के दुर्बल घटकांना राखायच्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. म्हणून एकाच इमारतीत तुम्हाला दोन आकडे ऐकू आले.

निर्धन रुग्णाचा उपचार पूर्ण मोफत. दुर्बल घटकाला सवलतीत. २,८९,००० वर तुमची आई दुर्बल घटकात येते, म्हणजे खाट, निवासी डॉक्टर, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या यांचं बिल लागत नाही. ज्याचं बिल लागतं ते सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने. औषधं, वापरून टाकायच्या वस्तू आणि स्टेंट रुग्णालयाच्या खरेदी किमतीला लावायचे, छापील किमतीला नाही. त्यातले किमान निम्मे रुग्णाने भरायचे, बाकी निर्धन रुग्ण निधीतून. हा निधी म्हणजे रुग्णालयाने एकूण बिलांच्या २ टक्के बाजूला काढलेला पैसा. खाजगी अंदाजपत्रकातले २,४०,००० यात निम्म्याहून खाली येऊ शकतात, पण शून्य होत नाहीत. फुले योजनेत शून्य होतात. त्यामुळे पहिली पसंती फुले किंवा ईएसआय, धर्मादाय मागचा दरवाजा.

सगळ्यात सोयीचं, जे रुग्णालय धर्मादायही आहे आणि फुले योजनेत हृदयरोगासाठी संलग्नही आहे, तिथेच जा. पूर्वमंजुरी नाकारली गेली तरी रुग्ण हलवावा लागत नाही, त्याच ठिकाणी धर्मादायचा अर्ज देता येतो. अर्ज बिलिंगवर देऊ नका, समाजसेवा विभागात द्या. आणि दाखल होतानाच द्या. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आल्यावर दाखला काढून दाखवणारे फार आणि तिथे रुग्णालयाला नाही म्हणायला वाव मिळतो.

पुरावा म्हणून तहसीलदारांचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेचं कार्ड यांपैकी काहीही चालतं. प्रत्यक्षात केशरी कार्डावर रुग्णालयं कुरकुर करतात आणि दाखला मागतात, म्हणून दाखला हाताशी असू द्या. पण कार्डावर "लाखाच्या आत" आणि दाखल्यावर २,८९,००० असं दोन्ही दिलं तर प्रश्न विचारले जाणार. दाखला द्यायचा ठरवलात तर दाखल्यावरचाच आकडा तोंडीही सांगा.

"खाटा भरल्यात" आणि "निधी संपलाय" ही दोन नेहमीची उत्तरं. राखीव खाटांची स्थिती फलकावर आणि धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर दाखवायची असते, ती बघा. उत्तर लेखी मागा आणि ते घेऊन सोलापूरच्या धर्मादाय कार्यालयात जा. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवताच येत नाही, आधी दाखल करून स्थिर करायचं, कागद नंतर.

१,६०,००० राहिला. तो मुख्यमंत्री सहायता निधीचा. या घराला तो लागू होत नाही. ज्यांना होतो त्यांनीही लक्षात ठेवावं की फुले किंवा धर्मादायमध्ये भागत नसेल तेव्हाच तिकडे वळायचं, पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात, आणि आधी बिल भरून मग मागितलं तर मिळत नाहीत.

---

माजी_आरोग्यमित्र

वॉर्ड_समाजसेवा यांनी सांगितलंय त्यात थोडी भर.

कार्डावर किंवा आधारवर वय चुकलेलं असेल तर आता दुरुस्तीच्या मागे लागू नका. आधार आणि कार्ड यांतलं एक बरोबर असेल तर नोंदणी आधारप्रमाणे करून फरकाची नोंद आरोग्यमित्राकडून करून घेता येते. दुरुस्ती मागाहून करा. मधेच आधारवरची जन्मतारीख बदलली तर दाखल होतानाची नोंद आणि दाव्याची नोंद जुळत नाहीत.

आईला मध्येच छातीत दुखायला लागलं तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि जवळच्या संलग्न रुग्णालयात जा. तातडीत फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची सोय आहे, रुग्णालय त्याला ईटीआय म्हणतं. "आधी कार्ड आणा" म्हणाले तर हाच शब्द वापरा.

डिस्चार्जच्या वेळी तीन कागद मागून घ्या: डिस्चार्ज कार्ड, अँजिओप्लास्टीची सीडी आणि स्टेंटच्या पाकिटावरच्या चिकटपट्टीची प्रत. चिकटपट्टीवर कंपनी, आकार आणि क्रमांक असतो. रुग्णालय ती दाव्यासाठी फाइलला लावतं, रुग्णाच्या हाती येत नाही, आणि पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं की तोच कागद शोधत बसतात.

योजनेतून औषधं डिस्चार्जनंतर दहा दिवसांपुरती. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या पुढे महिनोन्‌महिने चालतात, आणि मधेच बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो. अकराव्या दिवसाची सोय आधीच लावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणत्या मिळतात ते औषधनिर्मात्याला आत्ताच विचारून ठेवा, न मिळणारी जनऔषधीतून. आशाताईंना त्या घराच्या गोळ्यांची तारीख वहीत टिपून ठेवायला सांगा.